गाडीतल्या घरात टोंगळे (गुडघे) आणि कंबर कशी सांभाळायची, सगळं सविस्तर

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडकडचे. दिवाळीचं आटोपलं की मी आणि आमचे हे, दोघं ट्रॅव्हलर ह्या छोट्या बससारख्या गाडीतच राहायला जातो ते होळीपर्यंत. सीटा काढून बॉडीवाल्याकडून आत पलंग, ओटा, टाकी, संडास सगळं बसवून घेतलं आहे. मेळघाट, रामटेक, नागझिरा, लोणार, मधात नातेवाइकांच्या वावरात मुक्काम, असं चालते. माझे दोन्ही टोंगळे झिजलेले आहेत आणि ह्यांची कंबर आयुष्यभर मोठी गाडी चालवून गेली, कमरेतली एल४-एल५ ह्या मणक्यांमधली चकती सरकलेली आहे. लोकं भेटले की पहिले हेच विचारतात की काकू, अशा दुखण्यात गाडीत राहणं जमते कसं. जमते, पण त्यासाठी गाडीत आणि सवयीत बरंच काही बदलावं लागते, तेच इथं एकेक करून लिहून राहिले.

एक गोष्ट आधीच सांगते. गाडीतलं दुखणं मोठ्या कामानं कमी आणि त्याच त्याच चार हालचालींनी जास्त वाढते. वाकणं, पायरी चढणं-उतरणं, अडचणीत कंबर पिळून वळणं आणि खाली बसून उठणं. घरात हे विखुरलेलं असते, गाडीत सहा फुटात दिवसभर तेच. म्हणून गोळी आणि तेलाच्या आधी ह्या हालचाली कमी करा.

१. निघायच्या आधी दुखणं नेमकं कोणतं ते माहीत करा

"वय झालं, टोंगळे दुखणारच" असं म्हणून निघू नका. हाडाच्या डॉक्टरला एकदा दाखवा, आणि फिजिओथेरपिस्टला तर दाखवाच, कारण तुमच्या दुखण्याला कोणता व्यायाम चालतो नि कोणता नाही हे तोच सांगू शकते. आपल्याकडे सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, सावंगी मेघेचं हॉस्पिटल, नागपूरचं मेडिकल आणि एम्स, सगळीकडे हाडाचा विभाग नि फिजिओथेरपी आहे. गाडीचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, पायरी किती उंच, पलंग किती खाली, हे डॉक्टरला दाखवलं की सल्ला नेमका मिळते.

आणि विदर्भात सांधेदुखीला झिजेशिवाय दुसरीही कारणं असतात. पावसाळ्यानंतर ताप येऊन एकाएकी हातापायाचे सगळे सांधे आखडले तर चिकनगुनिया असू शकते, तेव्हा डेंग्यू नाही हे रक्त तपासून कळेपर्यंत डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका, डॉक्टरला विचारून पॅरासिटामॉलवर राहा. घरातल्या पोराला, तरुणाला वारंवार हाडं-सांधे दुखायचे झटके येत असतील तर सिकलसेलची (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) तपासणी करून घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर ह्या पट्ट्यात हा आजार बराच आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते, २०२३च्या जुलैपासून तर देशभर त्याची मोहीमच सुरू आहे. सिकलसेल असलेल्याला थंडी लागणं, पाणी कमी पडणं आणि जास्त दमणं ह्या तिन्ही गोष्टी गाडीत सहज होतात म्हणून त्याची वेगळी काळजी घ्या.

खालच्यापैकी काही झालं तर व्यायाम, शेक, मुक्काम सगळं सोडून सरळ मोठ्या दवाखान्यात जा, सोय नसेल तर १०८ला फोन लावा: लघवी-संडासवरचा ताबा जाणं किंवा लघवी अडणं, दोन्ही मांड्यांच्या मधात बधिरपणा, पाय किंवा पंजा उचलला न जाणं, पडल्यावर लागलेली जोराची कंबरदुखी, तापासोबत पाठ दुखणं, सांधा लाल-गरम होऊन सुजणं. वजन उगाच घटून राहिलं आणि रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर तेही लवकर दाखवा.

२. एक दिवस वही घेऊन बसा

गाडीत काही बदलायच्या आधी एक पूर्ण दिवस लिहून काढा, कधी वाकलो, कशासाठी वाकलो, उठताना कुठं धरलं, कुठं चमक निघाली. आम्ही लिहिलं तेव्हा कळलं की ह्यांची कंबर ड्रायव्हिंगपेक्षा पलंगाखालचे डबे काढण्यात जास्त दुखत होती, आणि माझे टोंगळे दाराच्या पायरीवर. वहीत जे सगळ्यात जास्त वेळा आलं तिथूनच खर्च सुरू करा, बाकी हौसेचं नंतर.

३. दार आणि पायरी

टोंगळ्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. ट्रॅव्हलरची पहिली पायरी जमिनीपासून लै उंच राहते, त्यातही रस्त्याच्या कडेला गाडी लागली तर अजून उंच. सुताराकडून सागाचा नाहीतर बाभळीचा रुंद पाट करून घ्या, साधारण ६ इंच उंच, वरून खडबडीत रबर ठोकलेला, चारही पाय टेकणारा, म्हणजे डुगडुगणार नाही. उतरायच्या आधी तो खाली ठेवायची सवय लावा, "दोन मिनिटासाठी कशाला" म्हणून उडी मारली की संध्याकाळी टोंगळा सुजते.

दाराच्या दोन्ही बाजूंना जाड पाइपाचे हँडल लावा. ते नुसत्या प्लायमध्ये स्क्रूनं बसवू नका, गाडीच्या लोखंडी फ्रेमला बोल्ट करून घ्या, पूर्ण वजन त्यावर येते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही दुखत असतील तर जो कमी दुखतो तो चांगला समजा. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या टोंगळ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते, बरेच लोकं उलटी धरतात.

आणि चढउतार कमी करायची युक्ती म्हणजे बाहेरची सगळी कामं एका फेरीत. कचरा, बादली, चपला, टॉर्च, जे लागते ते दाराजवळच एका पिशवीत.

४. पलंग

पलंगाची उंची अशी पाहिजे की काठावर बसलं की पाय पूर्ण जमिनीला टेकतात आणि मांडी टोंगळ्याच्या बरोबरीनं किंवा किंचित वर राहते. बहुतेकांना गादीसकट १८ ते २० इंच पुरते. गाड्यांमध्ये सामानाची जागा वाढवायला पलंग लै उंच करतात नाहीतर सोफा उघडून जमिनीलगत करतात, दोन्ही वाईट. रोज उघडायचा-मिटवायचा सोफा तर कंबरवाल्यानं घेऊच नये, जागा कमी झाली तरी चालेल पण पलंग फिक्सच ठेवा. वरच्या बर्थवर चढून झोपणं आपल्या कामाचं नाही.

गादीबद्दल आपल्याकडे एक पक्की समजूत आहे की कंबर दुखली की फळीवर झोपायचं. २००३ मध्ये लॅन्सेट ह्या मेडिकल जर्नलमध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांवर, त्यात एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. आम्ही प्लायवर चांगल्या डेन्सिटीचा ४ इंच फोम टाकला, त्यावर कापसाची पातळ गादी. प्लायला भोकं पाडून घ्या, नाहीतर हिवाळ्यात खालून ओल धरते. कुशीवर झोपत असाल तर दोन टोंगळ्यांच्या मधात उशी, पाठीवर झोपत असाल तर टोंगळ्याखाली. (पण टोंगळ्याखालची उशी दिवसरात्र ठेवू नका, टोंगळा वाकलेलाच आखडते.)

उठताना सरळ झटक्यानं उठायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय काठावरून खाली सोडा आणि हातानं पलंग रेटत बसते व्हा. मिनिटभर बसा, मग उभे राहा.

५. ओटा, भांडी, कपडे, संडास

गाडी घ्यायच्या आधीच आत सरळ उभं राहता येते का बघा. छत डोक्याला लागते म्हणून दिवसभर मान-कंबर वाकवून वावरावं लागत असेल तर त्या गाडीवर दुसरा कोणताही खर्च करू नका, ती कंबरवाल्यासाठी नाहीच.

ओटा कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असला की पुरते. मी पोळ्या आणि भाकरी उंच स्टुलावर बसूनच करते. उभ्यानं काम असेल तर खाली एक वीट ठेवून त्यावर एक पाय टेकवा, थोड्या वेळानं पाय बदला, कंबरेला फरक पडते. रोज लागणारे डबे, गंज (पातेली), कुकर, तेल-तिखट सगळं कंबर ते खांद्याच्या उंचीत. पलंगाखाली फक्त महिन्यातून एकदा लागणारं सामान, तेही चॅनलवर सरकणाऱ्या खणात.

भांडी बाहेर उकिडवं बसून घासणं आणि दगडावर कपडे आपटणं ह्या दोन कामांनी बायांचे टोंगळे जेवढे जातात तेवढे कशानंच जात नसतील. टब फोल्डिंग टेबलावर ठेवा, उभ्यानं घासा. कपडे रोज थोडे थोडे, भिजवून, बादली स्टुलावर ठेवून. ओली चादर एकट्यानं पिळू नका, दोघांनी दोन टोकं धरा. माणसं हे करत नाहीत असं काही नसते हो, आमचे हे करतात.

संडास कमोडच पाहिजे. गाडीत ठेवायचे पोर्टेबल टॉयलेट बरेचदा बुटके राहतात, त्याखाली मजबूत चौथरा करून उंची वाढवा आणि बाजूला धरायला दांडा लावा. गावात मुक्काम असला की बहुतेक ठिकाणी खाली बसायचाच संडास मिळते, त्यासाठी फोल्डिंग कमोड खुर्ची ठेवा. अमरावती-नागपूरला सर्जिकलच्या दुकानात मिळते, संडासाच्या भांड्यावर ठेवली की झालं. ह्या एका खुर्चीमुळे मी लग्नकार्याला जाऊ शकते.

६. वजन उचलणं

पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो, आणि तो नेहमी वाकून, वळून, गाडीत चढवावा लागते. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, टाकीसकट ३० किलोच्या जवळ जाते. इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी तर ५०-६० किलोची. कंबरवाल्या माणसानं ह्यातलं काहीच उचलू नये.

पाण्यासाठी लांब पाइप आणि १२ व्होल्टचा छोटा पंप घ्या, विहीर किंवा नळावरून सरळ टाकीत. गॅससाठी ५ किलोचं छोटं सिलिंडर, ते पण टाकीसकट वजन लागतेच, म्हणून दाराजवळ कंबरेच्या उंचीवर हवेशीर कप्प्यात. बॅटरी लिथियमची घेतली तर महाग पडते पण १०० अँपिअर-अवरची साधारण १०-१३ किलोत बसते, एकदा बसवली की हलवायची कशाला. आणि जे उचलावंच लागते ते अंगाशी धरून, आणि वळायचं तर पाय फिरवून. कंबर पिळायची नाही.

७. गाडी चालवणं

आमचे हे सांगतात तेच लिहिते. मागच्या खिशातलं पाकीट काढा, त्यावर तासनतास बसलं की कुल्ल्याची नस दबते नि पाय मुंग्या मारते. सीटची पाठ थोडी मागं, एकदम काटकोनात नाही. कमरेच्या खोलगट जागी टॉवेलची गुंडाळी. क्लच दाबताना पाय पूर्ण ताणावा लागत असेल तर सीट पुढं घ्या. गाडीचे पाटे (स्प्रिंगा) कडक असतात, त्यात टायरमध्ये हवा गरजेपेक्षा जास्त असली की प्रत्येक खड्डा मणक्यात बसते, म्हणून गाडीच्या वजनाप्रमाणं कंपनीनं सांगितली तेवढीच हवा.

तासाभरानं थांबायचं म्हणजे थांबायचं. समृद्धी महामार्गावर रस्ता इतका सरळ नि गुळगुळीत आहे की दोन-दोन तास माणूस हलतच नाही, उतरल्यावर कंबर लाकूड झालेली असते. थांबायचं ते ठरवलेल्या जागीच, रस्त्याच्या कडेला नाही. उतरा, कमरेवर हात ठेवून हळूच मागे वाका, पाच मिनिटं चाला. दिवसाला १५०-२०० किलोमीटरच्या वर आम्ही जातच नाही. आणि चालत्या गाडीत मागं पलंगावर आडवं होणं बंद, कितीही दुखत असलं तरी पट्टा लावून सीटवरच. झोपायचं असेल तर गाडी थांबवा.

८. गाडी कुठं आणि कशी लावायची

तिरप्या गाडीत रात्रभर झोपलं की सकाळी मानेपासून टाचेपर्यंत सगळं दुखते. पाण्याची अर्धी भरलेली बाटली फरशीवर आडवी ठेवून दोन्ही दिशांनी बघा, मग आरा मशीनवरून आणलेल्या जाड फळ्या चाकाखाली. हँडब्रेक, गिअर आणि चाकाला दगड, तिन्ही लावल्याशिवाय आत जायचं नाही. थोडा उतार राहिलाच तर डोकं वरच्या बाजूला.

काळ्या मातीच्या वावरात फक्त जमीन पूर्ण सुकलेली असतानाच लावा. एक सर आली की चाक रुतते, आणि तुमच्या पायाला दोन-दोन किलो चिखल चिकटते, त्यात पाय घसरून टोंगळा पिळला की महिना गेला. मुरूमाची जागा, देवळाचं आवार, शाळेचं मैदान, विचारून लावलं तर कोणी नाही म्हणत नाही. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) फिरायला जाऊ नका, सपाट डांबरी रस्त्यावर चाला.

९. व्यायाम, गाडीतच होणारा

सकाळी अंथरुणातच: पंजे वर-खाली वीस वेळा. मग टोंगळ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी कडक करून पाच मोजायचं, सोडायचं, दहा वेळा. मग एक पाय वाकवून दुसरा सरळ पाय फूटभर उचलायचा. मग दोन्ही पाय वाकवून कुल्ले वर उचलायचे, श्वास रोखायचा नाही. उभं राहिल्यावर ओटा धरून टाचा उचला. आणि पलंगाच्या काठावरून हात न टेकता उठ-बस, जमेल तेवढी, ही टोंगळ्यांसाठी फार कामाची.

टोंगळे छातीशी घेण्याचा व्यायाम सगळे सांगतात, पण ज्यांची चकती सरकली आहे आणि वाकलं की कळ पायात उतरते त्यांनी फिजिओला विचारल्याशिवाय करू नये. दुखणं किती चालेल त्याचा सोपा हिशोब म्हणजे व्यायामानंतर थोडं दुखलं नि तासा-दोन तासात गेलं तर ठीक, दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल तर अर्धा करा.

कंबर धरली की आठ-आठ दिवस पडून राहणारे लोकं मी खूप पाहिले, त्यानं कंबर अजून आखडते. एखाद दिवस आराम, मग दर तासाला उठून गाडीभोवती दोन चकरा.

वजनाचं एकच सांगते. शरीराचं एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला टोंगळ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होते. गाडीत हालचाल कमी नि खाणं तेच, म्हणून चिवडा-फरसाण कमी करा, वरण, झुणका, उसळ, अंडी, दही वाढवा.

१०. थंडी, ऊन आणि पाणी

डिसेंबर-जानेवारीत मेळघाटात पहाटे गाडीचा पत्रा बर्फासारखा होते आणि सांधे उघडतच नाहीत. खाली चटई, टोंगळ्याला लोकरीची पट्टी, गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं. शुगरमुळे पायाची जाणीव कमी असेल तर पिशवी आधी दुसऱ्याच्या हातानं तपासून घ्या, नाहीतर भाजते नि कळत नाही. सांधा ताजा सुजला असेल तर गरम नाही, गार शेक.

हे नीट वाचा: बंद गाडीत कोळशाची शेगडी, निखाऱ्याचं घमेलं किंवा गॅस पेटवून ऊब घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसते, झोपलेला माणूस उठतच नाही.

उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५च्या वर जाते, पत्र्याच्या गाडीत त्याहून जास्त. म्हणूनच होळी झाली की आम्ही घरी. राहायचंच असेल तर चिखलदऱ्याला जा, पण परतवाड्याहून वरचा घाट वळणावळणाचा आहे, कंबर धरलेली असताना चढू नका.

पाण्याबद्दल फार कमी लोकं बोलतात. गाडीवाला माणूस जिथं मिळेल तिथं बोअरचं पाणी भरते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे, वर्षानुवर्षं तसं पाणी पिलं की हाडं-सांधे कडक होतात. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत. एखाद्या मुक्कामानं काही होत नाही, पण महिनोन् महिने एकाच भागात राहत असाल तर ग्रामपंचायतीत विचारा, पाणी तपासायची किट असते, बऱ्याच गावात बायांना ती वापरायचं ट्रेनिंग दिलेलं आहे. उकळून फ्लोराईड जात नाही, आरओनं कमी होते.

११. औषधं

दुखण्याच्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःहून घेऊन रोज खाऊ नका. बीपी, किडनी, पोटाचा अल्सर, रक्त पातळ करायची गोळी, ह्यापैकी काही असेल तर अजिबातच नाही. उन्हात पाणी कमी पिऊन ह्या गोळ्या घेतल्या की किडनीवर ताण येते. लावायची जेल त्यातल्या त्यात बरी, तीही डॉक्टरला विचारून. गोळ्या डॅशबोर्डवर ठेवू नका, गरमीनं खराब होतात.

बाजारात, जत्रेत सांधेदुखीची पुडी मिळते, दोन दिवसात माणूस पळायला लागते. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडते. आधी आराम, मग शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजते, आणि बरेच दिवस खाऊन एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. कोणी खात असेल तर पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, हळूहळू कशी सोडायची ते तेच सांगतील. डिग्री माहीत नसलेल्या माणसाकडून सांध्यात सुई तर टोचूच देऊ नका, सांध्यात पू झाला तर तो सांधाच जाते.

टोंगळा बदलायचं ऑपरेशन झालं असेल तर सर्जन हो म्हणेपर्यंत गाडीत राहायला येऊ नका. तेव्हा मोकळी जागा, वॉकर फिरेल एवढं दार आणि रोजची फिजिओथेरपी पाहिजे, ते गाडीत होत नाही.

शेवटी फाईल. एक्स-रे, एमआरआयचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, पोराचा फोन नंबर, सगळं एका प्लास्टिकच्या फाईलीत दाराजवळ. फिल्मा गुंडाळू नका, गादीखाली सपाट ठेवा. सगळ्याचे फोटो काढून दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवा, मेळघाटात रेंज नसते म्हणून व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, फोनच्या गॅलरीतच पाहिजेत. आणि नवीन गावात गाडी लावली की पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्र कुठं, रात्री डॉक्टर असतो का, आणि फोनला रेंज नेमकी कोणत्या जागी येते.